माघ वद्य नवमी आणि दोन मांडव



आज दासनवमी. शके १६०३ मध्ये याच तिथीला समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. आणि त्याआधी बारा वर्षं, शके १५९१ च्या माघ वद्य नवमीलाच, सुभेदार तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले. (इंग्रजी तारखेने शोधाल तर हा मेळ सापडणार नाही. डेटाबेस जोडायचा तर तिथीवरच जोडायला हवा!)

यात काही दैवी संकेत आहे का, असं बरेच जण विचारतात. मला नाही वाटत. वर्षात तिथी साधारण ३६०, आणि आपला इतिहास केवढा! दोन थोर माणसं एका तिथीवर येणारच. पण दोघांच्या कथा शेजारी ठेवल्या की दोन्हीकडे लग्नाचा मांडव दिसतो. तिथे मात्र मी थांबतो.

परंपरा सांगते, लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकलं आणि नारायण बोहल्यावरून निघून गेला. तानाजींच्या घरी मुलाचं, रायबाचं लग्न होतं. ते बाजूला ठेवून ते गडावर गेले.

ऑफिसातल्या स्लाइडवर हीच गोष्ट येते तेव्हा तिचा अर्थ होतो, 'काम आधी, घर नंतर'. म्हणजे रविवारच्या रिलीजसाठी तानाजी वापरायचे! हे मला अजिबात पटत नाही. कारण कथा तिथे संपत नाही. रायबाचं लग्न पुढे महाराजांनी स्वतः पुढाकार घेऊन लावून दिलं, असं सांगतात. नारायणही बऱ्याच वर्षांनी जांबेला येऊन राणूबाईंना भेटला. आणि बोहल्यावरून उठलेला हाच माणूस दासबोधाच्या बाराव्या दशकात, पहिल्याच समासात सांगतो की संसार नीट सांभाळा, मग परमार्थाकडे वळा. संसार टाकून धावलात तर कष्टी व्हाल.

उत्सवात सेवेला गडावर जाणाऱ्या आपल्यातल्या मुलामुलींना म्हणून एकच विचारावंसं वाटतं. घरी वडील आजारी असतील, तर त्यांच्या गोळ्यांची वेळ कोण पाळतंय? तेवढं ठरवून मगच गाडीत बसा ना.

आणि ज्यांना गड जमणार नाही, त्यांनी जवळचा मारुती गाठावा. सांगलीकडे बहे आणि बत्तीस शिराळा, साताऱ्याकडे चाफळ, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर, शिंगणवाडी. तिथे बसून बाराव्या दशकाचा पहिला समास वाचा. दहा मिनिटं लागतात.