“कितीला घेतली होती?”

मशीन घ्यायला आलेला पोरगा माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असेल. धायरीत भाड्याने छोटी शेड घेऊन नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेला सुतार. मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, बटण दाबून आवाज ऐकला, सागाची एक फळी घासून पाहिली. मग सहज विचारलं, “दादा, तुम्ही कितीला घेतली होती?”

“जुनी गोष्ट झाली रे,” मी म्हणालो.

जुनी कसली? दोनच महिने झाले होते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आठवडाभर स्क्रीन बघून कंटाळा येतो, म्हणून शनिवार-रविवार सुतारकाम शिकलो. त्यातून जुन्या मशीन घेऊन, दुरुस्त करून विकायचा नाद लागला. ही बारा इंची रंधा मशीन सासवडजवळ मिळाली. मालक सुतार वारले होते. शेडचं भाडं अंगावर चढत होतं आणि काकूंना शेड महिनाअखेर रिकामी करायची होती. भंगारवाल्याने किलोला 30 रुपये भाव केला होता, म्हणजे सगळे मिळून 9,600. मी 14,000 म्हणालो. काकूंच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. त्यांनी मला चहा केला.

टेंपो, बेअरिंग, पट्टा, ब्लेड आणि मोटरचं रिवाइंडिंग धरून 11,500 खर्च आला. चार रविवार गेले. किंमत लावली 55,000.

त्या पोराला मी एक गोष्ट मात्र सांगितली. टेबलाच्या खालच्या बाजूला बिडाला जुनी चीर होती, ब्रेझिंग करून बुजवलेली. वर रंग मारला की दिसत नाही. पण कटर ब्लॉक मिनिटाला काही हजार फेरे मारतो आणि त्याच्यापासून इंचभरावर माणसाची बोटं असतात. मी त्याला खाली वाकवून, टॉर्च मारून चीर दाखवली आणि 5,000 कमी केले. 50,000 ला सौदा झाला. मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

कायद्याने मी एवढंही करायला बांधील होतो का, हे नंतर शोधलं. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 17 खाली एक गमतीदार उदाहरण आहे. लिलावात कोणी घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नाही, असं कायदा म्हणतो. लगेच पुढचं उदाहरण: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे बोलायचं की गप्प बसायचं, हे इथे समोरच्याशी नातं काय, यावर ठरतं.

हे वाचलं आणि तो “कितीला घेतली?” पुन्हा आठवला. चीर सांगताना माझी जीभ अडखळली नाही. 14,000 हा आकडा सांगताना का अडखळली? खरेदीची किंमत सांगायचं त्या पोराचं माझ्यावर काहीच देणं नव्हतं. त्याला चालू भावात चांगली मशीन मिळाली होती. मग लाज वाटली ती कोणाची?

इसवी सनापूर्वी 44 मध्ये सिसेरोने कर्तव्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन दुष्काळात सापडलेल्या ऱ्होड्सला येतो. मागून आणखी गलबतं येत आहेत हे फक्त त्याला माहीत आहे. ते सांगायचं, की चढ्या भावाने विकून मोकळं व्हायचं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगतो तेवढं उघड कर, खोटं बोलू नकोस, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. मी अर्थातच डायोजेनिसच्या बाजूचा होतो. बेअरिंगचा आवाज ओळखायला मी दोन वर्षं घालवली. ते ज्ञान फुकट का वाटू? असं सगळं सांगत बसलं तर धंदा कसा होणार?

हा मुद्दा खोटा नाही. पण मी माझ्या 24,500 च्या नफ्याची फोड करून पाहिली. ती मशीन आहे त्या अवस्थेत, दुरुस्त न करता, एखाद्या जाणकार सुताराने विकली असती तर 24,000 ला सहज गेली असती. म्हणजे 14,500 माझ्या चार रविवारचे, कौशल्याचे आणि जोखमीचे. उरलेले 10,000 कशाचे? काकूंना भाव माहीत नव्हता आणि शेड रिकामी करायची घाई होती, त्याचे. त्या 10,000 साठी मी एक नटही पिळला नव्हता.

त्याच पुस्तकात स्केव्होला नावाचा माणूस शेत विकत घेतो. मालक किंमत सांगतो. स्केव्होला म्हणतो, मला याची किंमत जास्त वाटते, आणि वर एक लाख सेस्टर्स देतो. लोक म्हणतात माणूस चांगला, पण शहाणा नव्हे. चांगुलपणा आणि शहाणपण असं वेगळं काढणंच सिसेरोला मान्य नाही. मला स्केव्होला बरीच वर्षं उशिरा आणि सौदा होऊन गेल्यावर भेटला.

मी काकूंना फोन केला. मशीन 50,000 ला गेली, खर्च किती झाला, सगळं सांगितलं आणि 10,000 पाठवतो म्हणालो. मला वाटलं होतं त्या आशीर्वाद देतील. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत.

“म्हणजे तेव्हाच एवढे येत होते का?”

“हो, काकू.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस बाळा? मी तर तुला देवमाणूस समजत होते.”

पैसे त्यांनी घेतले. घेतले याचं मला बरं वाटलं. पण त्या चहाचं आता काय करायचं, हे मला कळलेलं नाही.

त्यानंतर मी एक बँड सॉ घेतली. भाव करायच्या आधी मालकाला तीन आकडे सांगितले: भंगारात किती येतील, आहे तशी किती येतील, दुरुस्त करून मी साधारण कितीला विकेन. त्याने लगेच किंमत वाढवली. घासाघीस झाली. शेवटी माझ्या हातात आधीच्या निम्मेही उरले नाहीत.

विकताना घेणाऱ्याने विचारलं, “कितीला घेतली होती?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मग अजून हजार कमी करा की.” मी नाही म्हणालो, आणि का नाही तेही सांगितलं. त्याने घेतली.