जुनी शाई

1976 साली मी दहावीला होतो. आबांचा पेन न विचारता घेतला. आत थोडी निळी होती, वर तशीच निळी-काळी ओतली. आठवड्यात पेन बंद. काही निळ्या-काळ्या शाईत लोखंडाचा अंश असतो. दुसऱ्या शाईत मिसळली की कधीकधी गाळ धरते अन् निबखालच्या जिभेच्या बारीक चिरा बुजतात. हे पुढं कळलं. तेव्हा आबांनी विचारल्यावर मी धाकट्याचं नाव सांगितलं. मार त्यानं खाल्ला.

तो पेन आता माझ्याकडं आहे. शाई बदलायची तर निब, जीभ काढून रातभर गार पाण्यात ठेवतो. गरम नको, एबोनाइटचा रंग उतरतो, जीभ वाकते. सकाळी पाणी निळं. ते ओतायचं, परत नवं, नितळ होईतो. मग फडक्यावर वाळवून आट्यांना नखभर सिलिकॉनचं ग्रीस. गाडीचं नव्हं. घरातली म्हणते, एवढ्यात दोन सऱ्या खुरपून झाल्या असत्या. खरंय.

धाकट्याला सांगावं का? त्याचा मार काही माघारी येत नाही, हलका होणार तो मीच. मग हे त्याच्यासाठी का माझ्यासाठी? पण इतकी वर्षं गप्प राहणंही माझ्याच सोयीचं होतं की.

परवा गेलो. तो धार काढत होता. सांगितलं.

"ठावं हाय दादा," तो म्हणाला. "ओतताना बघितलं हुतं मी तुला." अन् चरवी माझ्या हातात दिली.