दोष कोणाचा?

गेल्या कार्तिकात, काकडआरतीनंतर तीर्थ देण्याचे काम वडिलांच्या प्रकृतीमुळे आमच्याकडे आले होते. ओळीतील एका बाईंनी हात पुढे केला. त्यावर पांढरे कोड होते. आम्ही नकळत पळी वीतभर वर धरली आणि तीर्थ वरून सोडले. बाई काही बोलल्या नाहीत. तीर्थ घेऊन त्यांनी हात पदराआड नेला. ती वीतभर उंची तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

कोडाविषयी आपल्या समाजात दोन समजुती आहेत. ते स्पर्शाने जडते, ही एक. आणि ते पूर्वपापाचे फळ होय, ही दुसरी. पहिलीचे निरसन सोपे आहे. कोड म्हणजे महारोग नव्हे (आणि महारोगही आता औषधांनी बरा होतो). देहाचे रक्षण करणाऱ्या पेशीच भ्रमित होऊन त्वचेस रंग देणाऱ्या आपल्याच पेशींचा नाश करतात. दुसऱ्यास देण्याजोगे त्यात काही नसते.

अशा विकारांचे एक मोठे कुळच आहे. तोच हल्ला स्वादुपिंडावर झाला की लहान मुलांस मधुमेह जडतो. सांध्यांच्या अस्तरावर झाला की बोटे सुजून वाकडी होतात. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीवरील अशा विकाराचे वर्णन जपानचे डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली केले. परंतु त्या रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच ग्रंथीविरुद्ध उठलेली द्रव्ये आहेत, हे लंडनमध्ये १९५६ साली उघड झाले.

उपचार मुख्यतः दोन वाटांनी चालतो. जे नष्ट झाले ते बाहेरून पुरवावयाचे, जसे इन्सुलिन किंवा थायरॉक्सिनची गोळी. अथवा बेभान रक्षकास आवरावयाचे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी सांधे आखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन दिले व ती थोड्याच दिवसांत चालू लागली. पुढे दिसले की अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि जंतूंना वाट मिळते. रक्षकास आवरण्याची किंमत द्यावी लागतेच. आज सांध्यांच्या ह्या विकारात बहुधा प्रथम मेथोट्रेक्सेट देतात, तेही आठवड्यातून एकदाच आणि वेळोवेळी रक्त तपासून. कोडासाठी मलमे आहेत, अतिनील किरण आहेत. बावची आणि ऊन हा तर आपल्या वैद्यांचा जुना उपाय. बावचीतील सोरालेन जातीची द्रव्ये आधुनिक वैद्यकानेही वापरली. मात्र घरच्या घरी बावची चोळून उन्हात बसल्यास त्वचा भाजते, हे ध्यानात असावे. कित्येकांचा रंग परततो, कित्येकांचा नाही. बोटांच्या टोकांवर तर तो क्वचितच परततो.

आता दुसरी समजूत. आम्ही पुरोहिताच्या घरी वाढलो; कर्मसिद्धान्त मोडीत काढण्याचा आमचा अधिकार नाही, इच्छाही नाही. परंतु सकाळी थायरॉईडची गोळी घेऊन देवळात येणाऱ्या सुवासिनीची आपण आदराने ओटी भरतो. तिचा विकार आणि कोड एकाच कुळातले. इतकेच नव्हे, तर कोड असलेल्यांत थायरॉईडचा विकार इतरांहून अधिक आढळतो. म्हणजे एकाच देहात एक झाकलेला, दुसरा उघडा. मग पापाचा हिशेब आपण त्वचेवरूनच का मांडतो? खरे पाहता आपण कोणाचे कर्म तपासत नाही. डोळ्यांस रुचत नाही ते दूर सारतो आणि त्यास कर्माचे नाव देतो. आणि ते कर्मफळ असले, तरी ते भोगविण्याचे काम पुजाऱ्याच्या पळीस कोणी दिले?

हे सर्व वडिलांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीर्थ देताना हाताकडे पाहावे ते सांडू नये एवढ्यासाठी."

पुढील एकादशीस त्या बाई आल्या होत्या. ओळीत उभ्या राहिल्या नाहीत. सभामंडपाच्या खांबापासूनच नमस्कार करून गेल्या.