पुराचा कर्ता कोण?

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेले आणि पाणी ओसरायच्या आतच वाद सुरू झाला. कोळकेवाडी धरणातून पाणी सोडले म्हणून शहर बुडाले, असे कोणी म्हणाले. कोणी वाशिष्ठीच्या पात्रात साचलेल्या गाळाकडे बोट दाखवले, कोणी नदीकाठी उभ्या राहिलेल्या इमारतींकडे, कोणी सह्याद्रीतल्या जंगलतोडीकडे. घाटमाथ्यावर त्या दिवसांत पाऊसच असा कोसळला (महाबळेश्वरला 24 तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर) की त्यापुढे कोणाचे काय चालणार, असे म्हणणारेही होते. या सगळ्यांखेरीज आणखी दोन उत्तरे ऐकू येत होती. एक, हा निसर्गाचा कोप आहे. दुसरे, ही जागतिक तापमानवाढ आहे. पहिले श्रद्धेतून आलेले, दुसरे विज्ञानातून. पण आपल्या सार्वजनिक बोलण्यात दोन्हींचा उपयोग एकच होऊ लागला आहे. ते उत्तर दिले की पुढचे प्रश्न विचारायचे कारण उरत नाही. तापमानवाढ खरी आहे आणि ती माणसाने केली आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तिला नव्या दैवाच्या जागी बसवणे मला धोक्याचे वाटते. दैव कोणी केलेले नसते. ही गोष्ट केलेली आहे.

आपण संकटांची वाटणी फार पूर्वीपासून दोन खात्यांत करत आलो आहोत. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड हे अस्मानी. सारा, लूट, जुलूम हे सुलतानी. सुलतानीचा जाब विचारता येतो, अस्मानीपुढे हात जोडायचे. साहजिकच ज्याच्या अंगावर जबाबदारी येते, तो आपले प्रकरण अस्मानीत ढकलू पाहतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तरी तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरले. त्या विधानावर लोक संतापले ते योग्यच होते. पण आज तसा प्रसंग आला, तर खेकड्यांची गरज पडणार नाही. ‘हवामानच बदलले आहे’ एवढे म्हटले की पुरेल, आणि ते खोटेही नसेल. खऱ्या गोष्टीच्या आड लपणे हे खोट्याच्या आड लपण्यापेक्षा सोपे असते.

तापमानवाढीला माणूसच कारण आहे कशावरून, हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवे. कर्बवायू उष्णता धरून ठेवतो ही काही कालची कल्पना नाही. युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून, उन्हात ठेवून हे दाखवले ते 1856 साली, म्हणजे रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला त्याच वर्षी. 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. हवाई बेटावर 1958 पासून रोज मोजमाप चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग असलेला हा वायू आता 420 च्या पुढे गेला आहे. हा जादा कर्ब जमिनीतून काढलेल्या कोळशा-तेलाचा आहे, हेही त्याच्या घडणीवरून ओळखता येते: कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कर्बात किरणोत्सारी कार्बन-14 उरलेला नसतो, आणि हवेतले त्याचे प्रमाण त्या हिशेबाने पातळ होत गेलेले मोजले आहे. सूर्य जास्त तापत असता तर वातावरणाचे वरचे थर आणि खालचे थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. पांघरूण जाड झाले की असेच होते.

यावर कोकणातला माणूस एक आक्षेप घेईल आणि तो घेण्याचा त्याला विशेष हक्क आहे. ही भूमीच मुळी परशुरामाने समुद्र मागे हटवून मिळवलेली. समुद्र पुढे येणे, मागे जाणे इथे नवे नाही, मग आत्ताच एवढा गवगवा का? कथा बाजूला ठेवली तरी भूशास्त्र त्याच्या बाजूने बोलेल. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. हवामान नेहमीच बदलत आले आहे, हे शंभर टक्के खरे. पण त्या बदलांची कारणे सापडलेली आहेत. पृथ्वीच्या कक्षेतले फेर हे त्यांतले मोठे कारण, आणि त्याने आजची वाढ घडत नाही. पूर्वी माणसे आपोआप मरत होती, म्हणून आज खून झालाच नसेल, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. शिवाय हिमयुग ओसरताना समुद्र चढला तेव्हा किनाऱ्यावर हर्णैचे बंदर नव्हते आणि मिरकरवाड्याची जेटी नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माणसाच्या वागण्याने निसर्ग कोपतो का? हा वाद आपल्या देशात एकदा फार उंचीवर झाला आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जाहीर विरोध केला: भौतिक घटनांना भौतिक कारणे असतात, त्यांत नीती शोधू नये. गांधीजींनी त्यांचे पत्र ‘हरिजन’मध्ये छापून त्याला उत्तर दिले. त्या वादात रवींद्रनाथांचे बरोबर होते असे मला वाटते. अस्पृश्यता हे पाप होते आणि भूकंप झाला नसता तरी ते पापच राहिले असते. ते धुवायला रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उभे राहिले, त्याला कुठल्या भूकंपाची वाट पाहावी लागली नाही. पण नव्वद वर्षांत एक गोष्ट बदलली. माणसाचे वागणे आणि आभाळाचे वागणे यांच्यामध्ये आता खरोखरच एक भौतिक दुवा आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. अरबी समुद्र तापला आहे. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवले. म्हणजे गांधीजी म्हणत होते तसा संबंध आहे, पण रवींद्रनाथ म्हणत होते त्या वाटेने.

मात्र याला शिक्षा म्हणता येत नाही. शिक्षा अपराध्याला व्हावी लागते. आंब्याच्या बागेत पाहा. थंडी पडून मोहर येतो, बारीक कैरी धरते आणि मग पुन्हा गारठा पडला की त्याच फांदीवर दुसरा मोहर फुटतो. झाडाचा जीव नव्या मोहराकडे जातो आणि आधीची कैरी गळते. त्यात अवकाळी सरी आल्या की तुडतुडे आणि फुलकिडे, फवारणीवर फवारणी. ज्या बागायतदाराचा हंगाम असा जातो, त्याने हवेत सोडलेला धूर किती? भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू पडतो, अमेरिकन माणसामागे त्याच्या सहा-सात पट. ज्याचे कर्म त्याला फळ, हा कर्मविपाकाचा साधा हिशेब इथे जुळत नाही. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत कोणत्या पापाने कोणता रोग होतो याच्या याद्या आहेत; चिपळूणजवळच जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या चौथ्या खंडात त्यांचा परामर्श घेतला आहे. त्या याद्यांतून हापूसची फळगळ समजणार नाही.

तरीही आपल्या परंपरेत याहून खोल विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. केवळ आपणच कर्ता असे जो मानतो, त्याला कळलेले नाही, असेही तिथे म्हटले आहे. चिपळूणच्या पुराला हे लावून पाहिले की तो वादच वेगळा दिसू लागतो. शहराची बशीसारखी जागा आणि दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती हे अधिष्ठान. पात्र आणि त्यातला गाळ. तापलेल्या समुद्राने वाढवलेला पाऊस. आणि कोयनेचे पाणी, जे मूळचे कृष्णेच्या खोऱ्यातले. वीज करण्यासाठी ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे वळवले, म्हणून तर वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते. इतकी माणसाने घडवलेली नदी पूर आल्यावर एकाएकी निव्वळ निसर्ग कशी होईल? ‘गाळ की धरण की पाऊस’ या प्रश्नातला ‘की’च चुकीचा आहे. दैवाला गीता जागा देते, पण पाचातली एक. आणि ज्यांनी हे सारे कर्माच्या बाजूने वाचले त्या टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे दोन विषय एकाच प्रकरणात घेतले, कारण बांधलेला माणूसही मोकळा आहे हेच त्यांना दाखवायचे होते.

यावर खरा कठीण आक्षेप हा: कारणे पाच, कर्ते पन्नास, मग जबाबदार कोणीच नाही. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. याचे उत्तर मला आपस्तंब धर्मसूत्रात मिळते. कर्म करवणारा, त्याला संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा असे तिघेही फळाचे वाटेकरी असतात, असे ते सूत्र सांगते, आणि लगेच पुढे म्हणते की ज्याचा हात जास्त, त्याचे फळही जास्त. वाटा सगळ्यांना, पण सारखा नाही. दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांचा वाटा मोठा आहे आणि तो मागण्याचा हक्क भारताने सोडू नये. पण तेच माप घरातही लावावे लागते. जयगडला आयात कोळशावर 1200 मेगावॅटचा वीज प्रकल्प चालतो. करवणारा, करणारा तिथे दिसतो. संमती देणारे आपण, ती वीज वापरणारे. अणुऊर्जेत कर्ब नाही म्हणून जैतापूरचा अणुप्रकल्प हवा असे म्हणणाऱ्यानेही तिथल्या माडबनच्या माणसाला आणि साखरी नाट्याच्या मच्छीमाराला त्यांच्या भीतीचे उत्तर द्यायचे असते. जगाचे भले होणार आहे म्हणून इथला हिशेब माफ होत नाही.

कोकणातल्या गाऱ्हाण्यात ही सामाईक जबाबदारी रोज बोलली जाते. ग्रामदेवतेपुढे गावकर उभा राहतो तो एकट्यासाठी नव्हे. कोणाचे काही चुकले असेल तर ते साऱ्या गावाचे म्हणून पदरात घे, असे तो सांगतो, आणि मागे उभे असलेले हुंकार देतात. तो हुंकार संमती आहे, आणि आपस्तंबाच्या हिशेबाने वाटादेखील. पण गाऱ्हाणे घालून गाव घरी जाते, वागणे तेच राहते, हीही खरी गोष्ट आहे. चिपळूणकरांनी पुरानंतर साखळी उपोषण केले, सरकारला वाशिष्ठीतला गाळ काढायला लावला. हा हक्काचा जाब होता आणि तो विचारला गेला याचा मला आनंद आहे. त्याच शहरात निळ्या आणि लाल पूररेषेला मात्र कडाडून विरोध झाला, कारण त्या रेषांत बहुतेक शहरच येते, बांधकामे अडतात, जागांच्या किमती पडतात. हा विरोध स्वार्थी म्हणून झटकता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे तिथे आहेत. पण 2005 आणि 2021 या दोन्ही पुरांत ज्या वाचनालयाची पुस्तके चिखलात फुगून गेली, ते 1864 सालचे वाचनालयही तिथेच आहे, आणि त्याला लोकमान्य टिळकांचे नाव आहे. रेषा कुठे आखायची, कोणाला किती भरपाई द्यायची, कोणते मजले रिकामे ठेवायचे, हे ठरवताना गाळ उपसणाऱ्या खात्याला, पाणी सोडणाऱ्या खात्याला आणि नदीकाठी नवा पाया खणणाऱ्याला एकाच बैठकीत बसवावे लागेल, आणि प्रत्येकाला आपापला वाटा आकड्यात सांगावा लागेल.