गाभोळीवर गळ टाकणाऱ्यांना

मोबाइल खिशात घाला आणि सरळ बसा. मागच्या बाकावर खिदळतोय त्यानंही. आज गणित नाही, भूगोल नाही. आज तुमची शोभा आहे.

तुमच्यातल्या एकाचा रील अख्ख्या वाळूजनं पाहिला, तो मीही पाहिला. बंधाऱ्याखाली गढूळ पाणी उसळतंय, भिंतीला धडका देत मासे वर चढू बघतायत, आणि हा पठ्ठ्या वरून तीन तोंडांचा गळ सोडतोय. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. नुसतं लोखंड. ते माशांच्या गर्दीतून ओढायचं आणि हिसका द्यायचा. पोटात शिरलं तर पोटात, पाठीत तर पाठीत, डोळ्यात तर डोळ्यात! मग एक रोहूची मादी वर आली. कडेच्या दगडावर आपटल्यावर तिच्या फाटलेल्या पोटातून बारीक तांबूस अंडी, म्हणजेच गाभोळी, ओघळली, याच्या पँटला चिकटली. यानं ती तळहातानं पुसून टाकली आणि कॅमेऱ्याकडं बघून अंगठा दाखवला. खाली शाबासक्यांचा पाऊस. त्यांत माझ्या हाताखालून गेलेले, आज कंपनीत कामाला असलेले किती तरी जण होते. म्हणून ही कानउघाडणी त्यांच्यासाठीही आहे.

याला मासेमारी म्हणायची तुमची हिंमत कशी होते? गळ टाकून बसणारा माणूस माशाला आमिष दाखवतो. मासा ते घेतो किंवा घेत नाही. दिवसभर बसून रिकाम्या हातानं परत येणारे गळकरी मी पाहिलेत आणि त्यांचा मला आदर आहे, कारण नाही म्हणायची संधी त्यांनी माशाला दिलेली असते. बंधाऱ्याखाली अडलेल्या माशाला ती कुठं आहे? त्याला पुढं भिंत, मागून माशांचा लोंढा. त्याचं खाण्याकडं लक्ष नाही, म्हणून तर तुम्ही आमिष लावत नाही. म्हणजे तो अडलाय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे आणि त्या अडचणीवरच तुमची सगळी मर्दुमकी उभी आहे. यात कसब कसलं?

आता तो मासा तिथं का आला होता, ते ऐका. मृगाचा नाही तर आर्द्राचा पाऊस पडतो, ओढ्यांना पहिलं पाणी येतं आणि नाथसागर जलाशयाच्या फुगवट्यातले मासे त्या पाण्याचा माग काढत वर निघतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. रोहू, कटला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी आणि नुकतीच बुडालेली उथळ जागा लागते. तळ्यात वर्षभर पाळलेली, पोट भरून अंडी असलेली मादीसुद्धा ती तशीच जिरवून टाकते, पण घालत नाही. या एका अडचणीपायी देशातल्या मत्स्यशेतीचं घोडं कितीतरी वर्षं अडलं होतं. नद्यांतून पुराच्या वेळी बीज गोळा करून आणावं लागायचं. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावलं, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस पाळतात. एका शास्त्रज्ञानं सुई टोचून जे घडवलं, ते पाऊस तुमच्या गावच्या ओढ्यात फुकट घडवून देतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही तिथं गळ घेऊन उभे राहता!

गणित नाही म्हणालो होतो, पण एक करूच. रोहूच्या मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोमागं लाखाच्या वर अंडी असतात. मादी दोन किलोची धरा आणि हिशेब अगदी कंजूषपणानं करा: दोन लाख अंडी. पुरात वाहून, बेडकांनी खाऊन, चिखलात रुतून हजारातलं एकच जगलं असं समजा. तरी दोनशे मासे. तू एक मासा मारलास असं तुला वाटतं. वहीत दोनशे एक लिही. आणि ज्या माद्या गळातून फाटून निसटल्या त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्या जखमेवर पांढरी बुरशी चढते आणि त्या आठवडाभरात कुठंतरी झुडपात अडकून सडतात. त्या तुझ्या रीलमध्ये येत नाहीत.

तुमच्यातले निम्मे शेतकऱ्यांची पोरं आहेत. पेरणीसाठी ठेवलेली ज्वारी कुणी दळून खाल्ली तर तुमचा आजा त्याला दारात उभं करील का? मग नदीचं बियाणं भाजून खाणाऱ्याला मी का करू?

दुसरा प्रकार याहून वाईट आहे. मरळ कशी वागते, तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. पाणकणसाच्या कडेला संथ पाण्यात तांबूस पिल्लांचा पुंजका वर येतो, पाण्यावर बारीक बुडबुडे उठतात. पिल्लं श्वास घ्यायला येतात आणि आई-बाप खालून पहारा देतात. पिल्लांजवळ काहीही आलं की ते त्याच्यावर झडप घालतात, भूक असो वा नसो. तुम्ही नेमका त्या पुंजक्यातून रबरी बेडूक ओढता. मरळ तो गिळत नाही, हाकलते, आणि गळाला लागते. मग तुम्ही म्हणता, काय फाइट दिली! अरे, लेकरांसाठी दिली ती. तिला वर काढल्यावर त्या पुंजक्याचं काय होतं, हे बघायला तुमच्यातला एकजण तरी दहा मिनिटं काठावर थांबतो का? चिलापी आणि शिंगाळे तुटून पडतात आणि पाणी पुन्हा शांत होतं.

आता तुमची उत्तरं. ती तोंडपाठ आहेत, अभ्यासाची तेवढी नसतात.

पहिलं: ‘सर, अमेरिकेत सॅमन असेच धरतात, यूट्यूबवर बघा.’ अर्धवट बघता म्हणून फसता. प्रशांत महासागरातला सॅमन जन्मात एकदाच नदीत चढतो, अंडी घालतो आणि मरतो. मिशिगन राज्यानं 1966 मध्ये हे मासे आणून पंचमहासरोवरांच्या पाण्यात सोडले. आजूबाजूच्या राज्यांत मग असा युक्तिवाद झाला की हे मरणारच आहेत, तर आकडा अडकवून धरले म्हणून काय बिघडलं? न्यू यॉर्कमध्ये ‘सॅमन’ नावाच्याच नदीवर तशी परवानगी होती. नदीकाठी धक्काबुक्की, चिरलेले मासे आणि घाण यांची रांग लागली आणि 1990 च्या दशकात तिथंही ती बंद करावी लागली. अलास्कात आजही गोड्या पाण्यात असा आकडा ओढणं बेकायदा आहे. गळ तोंडाखेरीज अंगात दुसरीकडं कुठं लागला तर मासा तिथल्या तिथं सोडायचा, असा नियम आहे. हे मरणाऱ्या माशाबाबत! तुमची रोहू अंडी घालून मरत नाही. ती परत फुगवट्यात जाते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चढते. तेव्हा अमेरिकेची साक्ष काढायची असेल तर पुरती काढा. ती तुमच्या विरुद्ध जाते.

दुसरं: ‘कायदा कुठं आहे?’ आहे. इंग्रजांनी 1897 मध्ये मत्स्य कायदा केला. पाण्यात स्फोटकं वापरणं किंवा विष, चुना टाकून मासे मारणं हा त्यात गुन्हा ठरवला. जाळ्याच्या आसाचं माप ठरवायला, प्रवाह अडवणारे सापळे रोखायला, एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवायला सरकारला नियम करण्याची मुभा दिली. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा 1960 चा आहे. समुद्रासाठी 1981 चा वेगळा आहे, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लावून कोळी घरी बसतो. त्याचंही पोट आहे, त्याच्याही डोक्यावर कर्ज आहे. तरी तो थांबतो. किनाऱ्यावरच्या माणसाला दोन महिने कळतात आणि वाळूजच्या माणसाला दोन आठवडे कळत नाहीत?

कायद्याची अंमलबजावणी लंगडी आहे, हे मी सांगायला नको. मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं मोजकी, ओढे-नाले अगणित. बंधाऱ्यावर पोलीस उभा राहणार नाही, आणि जुन्या कायद्यातला दोनशे रुपयांचा दंड तुम्ही एका चहापार्टीत उडवता. पण जो पोलीस दिसल्यावरच सरळ वागतो, त्याला माझ्या वर्गात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. खात्यालाही मी सोडत नाही. चढणीच्या दिवसांत बंधाऱ्यांखाली बंदीचा फलक लावणं, ग्रामपंचायतीला सोबत घेणं, तीन तोंडांच्या नुसत्या गळावर स्पष्ट बंदी घालणं, याला काही मोठा निधी लागत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: ‘कंपन्या खाम नदीत काय सोडतात ते बघा, आम्हालाच का बोलता?’ बघतो. हर्सूलच्या डोंगराकडून निघून, पाणचक्कीजवळून वाहत येणाऱ्या खामचं शहरानं आणि कारखान्यांनी काय केलं, ते नाक असलेल्या कुणालाही कळतं. यात कायद्याची एक गोम आहे, ती लक्षात ठेवा. 1897 च्या कायद्यातला विष टाकण्याचा गुन्हा मासे मारण्याचा हेतू असेल तरच लागतो. सांडपाणी सोडणाऱ्याचा तसा हेतू नसतो. मासे आपले उगाच मरतात. त्याच्यासाठी 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. फेसाळलेल्या पाण्याचा व्हिडिओ काढ, तारीख-वेळ घाल, तक्रार कर. मी सही करायला तयार आहे. त्या कामाला मात्र तुमच्या मोबाइलची बॅटरी पुरत नाही. आणि जी नदी आधीच विषानं अर्धमेली झाली आहे, तिच्यात वर चढायची धमक ज्या थोड्या माशांत उरली, त्यांनाच तुम्ही निवडून मारता. कंपनीच्या विषातून जे वाचलं ते तुम्ही उचललं, एवढाच त्याचा अर्थ.

चौथं: ‘भोई लोकही धरतात.’ खबरदार, त्यांचं नाव पुढं करायचं नाही. त्यांच्या सहकारी संस्था तलावाचा ठेका भरतात, मत्स्यबीज विकत घेतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाण्यात सोडतात आणि ती मोठी होईपर्यंत वाट बघतात. तुम्ही मारलेल्या मादीची पिल्लं त्यांच्या जाळ्यात आली असती. त्यांच्यातलाही कुणी मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं लावून बोटुकली गाळत असेल तर तोही चूकच आहे, पण त्याच्या घरी चूल त्यावर पेटते. तुम्हाला पगार आहे, आणि संध्याकाळी मटणाची ऑर्डर मोबाइलवरच देता.

तुमच्या घरी श्रावण पाळतात. महिनाभर ताटात मासा येत नाही. उत्तम. पण त्याच्या आधी ‘आखाड’ म्हणून जी झुंबड उडते, ती बरोबर चढणीच्या दिवसांत येते. देवासाठी महिनाभर थांबता, माशासाठी पंधरा दिवस आधी थांबायला काय जातं? महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात देवीचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मासे राखलेत. कुणी गळ टाकत नाही. देव मानणारा देवासाठी थांबो, न मानणारा अकलेसाठी थांबो. माशाला दोन्ही सारखंच.

आता नियम ऐका. हे सरकारचे नाहीत, माझे आहेत आणि उद्यापासून लागू आहेत. पहिल्या पुरापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंधाऱ्याखाली, सांडव्याखाली आणि ओढ्याच्या तोंडाशी गळ नाही. आमिषाशिवाय गळ बाराही महिने नाही. गळ अंगात लागला तर मासा पाण्यात परत. पिल्लं राखणाऱ्या मरळीला हात लावायचा नाही. पोट टम्म दिसलं तर सोडायचं. गाभोळीची चव मला सांगू नका. अगदीच हात शिवशिवत असतील तर साठलेल्या पाण्यातली चिलापी धरा. ती 1952 मध्ये बाहेरून आणलेली आहे, वर्षातून कितीदा तरी विते आणि बाकीच्यांची जागा खाते. तिच्यापायी कुणी तुम्हाला बोलणार नाही.

आणि ज्याचा रील आहे त्यानं तो आज रात्री काढून टाकावा. त्याच्या जागी बंधाऱ्यावर उभं राहून सांगावं की इथं मासे अंडी घालायला येतात, गळ टाकू नका. शाबासक्या कमी पडतील, पडू देत. माझी एक नक्की मिळेल, आणि ती मी सहज देत नाही हे या वर्गाला माहीत आहे.