रंगाआडची ओल



पावसाळा सरला की आपल्या वसईत दोन कामांची धांदल उडते : शेतात भातकापणी आणि घरात रंगरंगोटी. नाताळ दोन-अडीच महिन्यांवर आलेला असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनी जे पाणी पिऊन घेतलेले असते, ते आता पोपडे आणि डाग होऊन बाहेर येते आणि रंगारी मिळेनासे होतात.

यंदा आम्हीही धर्मगुरूनिवासाला रंग काढायला घेतला. कार्यालयात बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्यांचे मोठे लाकडी कपाट आहे. रंगाऱ्याने ते पुढे ओढले आणि तो थबकला. मागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत काळपट हिरवी झाली होती. तिच्याखाली पांढरा लोणा फुटला होता. कपाटाची मागची फळी बोटाने दाबली तरी आत जात होती. दोन वर्षे आम्ही त्या कपाटासमोर बसून शिंकत होतो आणि दोष नोंदवह्यांच्या धुळीला देत होतो! रंगारी म्हणाला, “फादर, मागल्या वेळी इथं रंग मीच मारला होता. तेव्हाही ओल होती. मला सांगितलं, कपाट येणारच आहे समोर, मारून टाक.”

कोणी सांगितले, हे आम्ही विचारले नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्ही आधीच गमावून बसलो होतो. ते कसे, हे आज लिहितो. ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्यांची परवानगी घेतली आहे.

गेल्या वर्षी पास्काकाळात घरांना आशीर्वाद देत आम्ही एका तरुण जोडप्याकडे गेलो. चार वर्षांचा मुलगा, भाड्याची खोली, नुकताच दिलेला फिकट पिवळा रंग. दार उघडताच कुबट वास आला. नव्या रंगाच्या वासाखाली दडलेला तो दुसरा वास आपण सगळेच ओळखतो, कारण पावसाळ्यात ट्रंकेतल्या कपड्यांना तोच येतो. पण तो एप्रिल महिना होता. एप्रिलात ओली असलेली भिंत पावसाकडे बोट दाखवू शकत नाही. तिच्या आत कुठेतरी नळ किंवा मोरीचे पाणी झिरपत असले पाहिजे. पलंगामागच्या कोपऱ्यात रंगाला फुगवटाही आला होता. आम्ही पाहिले, प्रार्थना म्हटली, त्याच भिंतीवर तीर्थ शिंपडले, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. अजून बारा घरे उरली होती.

ऑगस्टमध्ये तो मुलगा धाप लागून इस्पितळात होता. दम्याची कारणे अनेक असतात आणि डॉक्टरांनीही सगळे खापर भिंतीवर फोडले नाही. पण घरात कुठे ओल आहे का, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला. आईने घरी जाऊन पलंग ओढला. पिवळा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला आणि आतली भिंत काळी होती.

खोलीची मालकीण आपल्याच धर्मग्रामातील एक विधवा भगिनी. भाडे हाच तिचा आधार. भिंतीपलीकडे दिरांची मोरी आहे, तिचे पाणी मुरते, हे तिला ठाऊक होते. पण घराच्या वाटणीचा वाद आहे आणि दीर मोरीच्या लाद्या उखडू देत नाहीत. मग ती बिचारी काय करणार? दरवर्षी रंग देत होती. आम्ही तिला बोलावले तेव्हा ती रडली आणि म्हणाली, “फादर, मी खोटं नाही बोलले. मला कोणी विचारलंच नाही.”

आम्हांलाही कोणी विचारले नव्हते. आणि म्हणूनच हे वाक्य आमच्या मनातून जाईना.

न विचारलेले न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. ख्रिस्तजन्मापूर्वी ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात उदाहरण घेतले आहे ते घराचेच. एक सज्जन माणूस घर विकतो. ते राहायला रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजलेले आहे. मालकाशिवाय हे कोणालाच माहीत नाही. त्याने सांगावे का? सिसेरोने दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे केले आहे. बाबिलोनचा डायोजिनस विचारतो की घेणाऱ्यावर घ्यायची जबरदस्ती कोणी केली होती? माल तुमचा, पारख त्याची. त्याचाच शिष्य, तार्ससचा अँटिपॅटर, हे मानत नाही. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर वाईट, तर जाणूनबुजून कोणाला चुकीच्या वाटेने जाऊ देणे हे त्याहून वाईट नव्हे काय? सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे. (तार्सस हे पुढे संत पौलाचे गाव म्हणून आपल्या ओळखीचे झाले, हे जाता जाता.)

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी ‘सुम्मा’ ग्रंथात याच प्रश्नाला हात घातला आणि एक उपयोगी फरक केला. दोष उघड असेल, समजा घोडा एका डोळ्याने आंधळा आहे आणि त्याप्रमाणे किंमतही कमी लावली आहे, तर तो ओरडून सांगायची गरज नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान पोहोचणार असेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. ढासळत आलेले घर मजबूत म्हणून विकण्याचे उदाहरण त्यांनीही दिले आहे. कायदाही इथेच येऊन थांबतो. आपल्या देशातील १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की मालकाला माहीत असलेला आणि समोरच्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. घर भाडेपट्ट्याने देणाऱ्यालाही तेच बंधन आहे.

आता आपल्या भगिनीकडे परत येऊ. तिने नुसते मौन पाळले असते तर तिचे म्हणणे निदान विचारात घेता आले असते. पण तिने रंग दिला होता. आणि रंग बोलतो, बंधुभगिनींनो! खोली पाहायला आलेल्या आईला ती पिवळी भिंत सांगत होती की मी कोरडी आहे. तोंडाने एक शब्दही न काढता माणूस खोटी साक्ष देऊ शकतो. आणि आमचे तीर्थ? धर्मगुरू आला, त्याने पाहिले आणि आशीर्वाद दिला, म्हणजे घर ठीक असणार, असे त्या आईला वाटले असेल तर त्यात तिचे काय चुकले? आम्हीही एका अर्थाने त्या भिंतीला आणखी एक हात रंगच दिला.

रंगाने काय होऊ शकते याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये साऱ्या देशासमोर आले. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा मरण पावला. सुदानहून आलेले त्याचे आईवडील एका गृहसंस्थेच्या लहानशा घरात भाड्याने राहत होते. वडिलांनी बुरशीची तक्रार केली तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आले होते. पुढे तक्रारी चालू राहिल्या, तेव्हा दोष कुटुंबाच्या राहणीमानावर ढकलला गेला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे मुलाच्या श्वसनमार्गावर परिणाम होऊन मृत्यू झाला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू होऊ लागला. आता तिथल्या अशा गृहसंस्थांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी १० कामकाजी दिवसांत आणि तातडीच्या धोक्याची २४ तासांत करावी लागते.

इतक्या उशिरा सुचलेली ही गोष्ट बायबलमध्ये फार पूर्वीपासून आहे, आणि ती आमच्याच कामाच्या यादीत आहे! जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा १४ वा अध्याय, ३३ व्या ओवीपासून पुढे, सवडीने वाचा. रविवारच्या मिस्सामध्ये हा उतारा वाचला जात नाही. आम्हीही तो गेल्या कित्येक वर्षांत उघडला नव्हता. घराच्या भिंतीत हिरवट किंवा तांबूस खोलगट चट्टे दिसले तर घरमालकाने याजकाकडे यावे. याजकाने घरात जाऊन पाहावे, घर ७ दिवस बंद ठेवावे आणि पुन्हा येऊन पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावे, आतून सगळी भिंत खरवडावी, दुसरे दगड बसवावे, नवा गिलावा करावा. एवढे करूनही चट्टा परत आला तर घर पाडावे. कातडीच्या रोगासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे तोच इथे भिंतीसाठी आहे. हे चट्टे म्हणजे आपली बुरशीच होती की आणखी काही, यावर विद्वान वाद घालोत. गिलावा खरवडायला सांगितला आहे, वरून लिंपायला नव्हे, एवढे आम्हांला पुरे.

त्या उताऱ्यात आम्हांला सर्वांत जास्त स्पर्शून गेली ती एक न विचारलेली गोष्ट. याजक मालकाला विचारत नाही की, तू कोणते पाप केलेस? उलट, याजक पाहायला येण्याआधी घर रिकामे करून घ्यावे अशी आज्ञा आहे, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरून गरिबाचे नुकसान होऊ नये. मालकानेही निकाल देऊन यायचे नाही. माझ्या घरात चट्ट्यासारखे काहीतरी दिसते, एवढेच सांगायचे. पुढच्या काळात काही यहुदी गुरूंनी मात्र शिकवले की हा चट्टा कंजूषपणाची शिक्षा आहे. शेजाऱ्याने धान्य मागितले तेव्हा “नाही” म्हणणाऱ्याचे सामान अंगणात आले की सगळ्या गावाला दिसते! गोष्ट गमतीची आहे. पण त्यामुळे काय होते पाहा. ओल दिसली की आधी माणसाची लाज निघते, आणि लाज निघणार असेल तर कोण सांगायला येईल?

आपणही हेच करतो. बुरशी दिसली की आपण म्हणतो, “बाई घर नीट ठेवत नाही.” वास्तविक बुरशीला आळशी घर लागत नाही, पाणी लागते. तिचे बीज हवेत सगळीकडेच असते आणि भिजलेल्या जागी एक-दोन दिवसांत ते रुजू शकते. जोत्याशी ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतले पाणी विटांतून असे वर चढते, जसा चहा बिस्किटात चढतो. आपल्या आजोबांच्या कौलारू घरात कौलांमधून वारा खेळत असे आणि चुन्याचा गिलावा घेतलेली ओल परत सोडत असे. आता वर स्लॅब, भिंतीला सिमेंट, त्यावर तेलरंग, सरकत्या काचा बंद आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट. त्यातच पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. श्वासाच्या तक्रारी आणि दमा यांच्याशी त्यांचा संबंध तिने स्पष्ट मांडला आहे.

शंका असेल तर एक साधी युक्ती करून पाहा. भिंतीवर वीतभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला साचले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला साचले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, खिडकी उघडा आणि कपाट हातभर पुढे ओढा. पहिल्या प्रकारात मात्र रंगाऱ्याला बोलावू नका, प्लंबरला बोलावा.

त्या जोडप्याकडे आम्ही गेलो आणि एप्रिलमध्ये वास आला होता हे सांगितले. नवरा काही बोलला नाही. बायको म्हणाली, “मग तेव्हाच का नाही सांगितलंत, फादर?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आता ती तिघे तिच्या माहेरच्या एका खोलीत राहतात. मुलगा बरा आहे, त्याचा पंप दप्तरात असतो. अनामत रक्कम मालकीणबाईंनी पूर्ण परत केली, आणि ती कशी उभी केली हे आम्हांला ठाऊक आहे. दीर आमच्याशी दोनदा बोलले. अजून लाद्या उखडायला तयार नाहीत. तिसऱ्यांदा जाणार आहोत.

कार्यालयातली भिंत आम्ही विटांपर्यंत खरवडली आहे. कारण सापडले. पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा पन्हळ फुटून ते जोत्यातच मुरत होते. पन्हळ बदलला, पण वाळायला दोन-तीन महिने लागतील असे गवंडी म्हणतो. त्यामुळे नाताळला येणाऱ्यांना भिंत उघडीच दिसेल. नोंदवह्या रोज दुपारी ओट्यावर सावलीत वाऱ्याला ठेवतो. कुणाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर थोडा धीर धरावा.

मंगळवारी संध्याकाळी रोझरीनंतर मालकीणबाई कार्यालयाच्या दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “फादर, पुढच्या खोलीतसुद्धा तसंच काहीतरी दिसतंय. ती खोली बघायला उद्या माणसं येणार आहेत.” आम्ही टॉर्च घेतला आणि त्यांच्यासोबत निघालो.