एका खाचरातील दोन भाऊबंद

कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली दफ्तरांत शिलोत्री नावाच्या जमिनींचा उल्लेख येतो. भरतीखाली बुडणारा चिखल बांध घालून अडवायचा, पावसाच्या गोड्या पाण्याने त्यातील खार धुऊन काढायचा आणि मग तेथे भात पिकवायचे, हा पेणच्या खारेपाटातील पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग; आणि ज्याने बाहेरचा बांध राखण्याची जोखीम पत्करली, त्या शिलोत्रीदाराला पिकाचा ठराविक हिस्सा मिळावा, असा त्यामागचा करार. बांधाला उघाड्या असत. त्यांतून आतले पाणी ओहोटीला बाहेर सुटे आणि बाहेरचे पाणी भरतीला आत येऊ शकत नसे. बांधाला खांड पडली की तीन-तीन वर्षे त्या खाचरात भाताचे पाते उभे राहत नसे. वनस्पतींच्या पेशींतील लवकांविषयी वाचू लागलो तेव्हा, जीवशास्त्राच्या कोणत्याही उपमेपेक्षा ही शिलोत्री मला अधिक उपयोगी पडली.

भाताच्या पात्यातील कोणतीही हिरवी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-दहा पटींएवढे हिरवे कण दिसतात, हीच हरितलवके. प्रत्येकाभोवती दोन पटलांचा दुहेरी बांध, आत चपट्या पिशव्यांच्या नाण्यांसारख्या चवडी, त्या पिशव्यांच्या पडद्यांत हरितद्रव्य, आणि चवडींभोवतीच्या द्रवात हवेतील कार्बन पकडून साखर बनवणारी यंत्रणा, अशी त्यांची रचना. शैवालांत मात्र निसर्गाने हाच ऐवज मनस्वीपणे घडवलेला आहे. डबक्यातल्या स्पायरोगायरात तो पेशीच्या आतून वळत जाणाऱ्या हिरव्या फितीसारखा असतो, क्लॅमिडोमोनसमध्ये पेल्यासारखा, झिग्नेमात चांदणीसारखा. आणि धरमतरच्या खाडीतल्या चिखलावर ओहोटीच्या वेळी जी सोनेरी-तपकिरी साय दिसते, तिच्यातल्या करंडक शैवालांत त्याच्याभोवती दोन नव्हे, तर चार पटले असतात. या चार पटलांची हकीकत पुढे येईल.

1883 साली आंद्रेआस शिम्पर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने असे दाखवले की पेशी लवक नव्याने घडवू शकत नाही. प्रत्येक लवक आधीच्या लवकाच्या विभाजनातूनच जन्मते. ज्याचा वंश आपल्या धन्याच्या वंशाहून निराळा चालतो, तो मुळात त्या घरचा नसावा, ही शंका शिम्परने जाता जाता नोंदवली. रशियाच्या मेरेझ्कोव्स्कीने 1905 साली तिचा सिद्धांत केला. आणि पुढे साठ वर्षे विद्वानांनी तो हसण्यावारी नेल्यावर, 1967 साली लिन मार्ग्युलिसने अनेक नियतकालिकांचे नकार पचवून तो पुन्हा मांडला. आज तो निर्विवाद मानला जातो. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने एक नील-हरित जीवाणू गिळला, पण पचवला नाही. त्याचेच वंशज म्हणजे सारी लवके. करंडक शैवालांच्या पूर्वजाने तर याच्याही पुढची मजल मारली. त्याने लवकासकट एक अख्खे लाल शैवाल गिळले, आणि म्हणून तेथे बांधाबाहेर बांध, अशी चार पटले.

मला विलक्षण वाटते ते हे की, न गिळल्या गेलेल्या शाखेचे वंशज त्याच खाचरात आजही स्वतंत्रपणे नांदत आहेत. लावणीनंतर रोपांच्या ओळींमधल्या उभ्या पाण्यात जे निळसर-हिरवे बुळबुळीत शेवाळ धरते, तेच हे नील-हरित जीवाणू. हवेतला नत्र बांधून ते भाताला खत पुरवतात, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने 1939 साली सिद्ध केले. म्हणजे पाण्यात एक भाऊबंद मोकळा, आणि वीतभर वर, पात्यात, दुसरा वतनदार झालेला. मोकळ्याच्या दफ्तरात काही हजार जनुके असतात. वतनदाराचे दफ्तर जपानी शास्त्रज्ञांनी 1989 साली अथपासून इतिपर्यंत वाचले तेव्हा ते अवघे 1,34,525 अक्षरांचे भरले, आणि त्यात शंभर-सव्वाशे जनुकेच काय ती उरली होती. बाकीचे कागद गहाळ झाले, किंवा कालौघात हुजूर दफ्तरी, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, जमा झाले. लवकाला लागणारी हजारो प्रथिने आता केंद्रकाच्या हुकमाने बाहेर तयार होतात, प्रत्येकाच्या अग्रभागी एक दस्तक जोडलेले असते, ते पाहून दुहेरी बांधाच्या उघाड्या त्याला आत घेतात, आणि आत येताच ते दस्तक कापून टाकले जाते. इतका चोख बंदोबस्त पेशवाईतल्या नाक्यांवरही असेल की काय, याची शंकाच आहे.

मग याला गुलामी म्हणावे काय? पुष्कळांनी म्हटले आहे. मला तो शब्द पटत नाही, आणि ‘सहकार’ हा गोड शब्द तर त्याहून पटत नाही. खरा प्रश्न लवक काय गमावून बसले हा नसून, ज्याला आपण त्याचा स्वधर्म समजतो तो हिरवेपणा कितपत त्याचा आहे, हा आहे. कारण हिरवेपणा ही लवकाची केवळ एक नेमणूक आहे. कोंबाच्या अग्रातील पूर्वलवक रंगहीन असते. हुकूम येईल तसे ते हरितलवक, पिवळ्या-नारिंगी रंगांचे वर्णलवक, किंवा पिष्ट साठवणारे अवर्णलवक बनते. पेणचे पोहे सगळ्या मुंबईला ठाऊक आहेत. ते पोहे म्हणजे काय, तर भाताच्या दाण्यात ठासून भरलेल्या अवर्णलवकांची, भिजवून, भाजून आणि कुटून केलेली चपटी रूपे. भात मोकळा होणार की चिकट, हे त्या लवकांत कोणत्या जातीचे पिष्ट किती साठले यावर ठरते. भाद्रपदातल्या वाऱ्याने आडवे झालेले पीक पेऱ्याशी वाकून पुन्हा वर मान काढते, तेही पेऱ्यापाशी पिष्टाने जड झालेली लवके पेशीच्या तळाशी घरंगळून ‘खालची बाजू कोणती’ हे सांगतात म्हणून. हिवतापाच्या परजीवीचेच पाहा. तो माणसाच्या रक्तात राहतो, त्याला सूर्याशी काही कर्तव्य नाही, तरी त्याच्या शरीरात एक रंगहीन लवक आजही तैनातीस आहे. प्रकाशाचे काम केव्हाच सुटले. पण काही अत्यावश्यक रसायने दुसरे कोणी करीत नसल्यामुळे त्याला बरखास्त करता येत नाही.

नेमणुकीबरोबर रंग बदलतो म्हटल्यावर रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांची आठवण येणे अपरिहार्य आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. परंतु 1912 साली संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी केंब्रिजला गेला तो निसर्गविज्ञान शिकायला, आणि 1917 साली तेथे त्याने वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. पुढल्याच वर्षी तो आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला आणि वनस्पतिशास्त्र मागे पडले. त्यांच्या खऱ्या व्यासंगाचा रंग कोणता, हे ठरवण्याच्या भरीस मी पडणार नाही.

आमच्या रोह्याच्या घरी नवरात्रात घट बसतात. शेतातल्या मातीत नऊ धान्ये पेरून त्यावर कलश ठेवतात, आणि देवघराच्या अंधारात नवव्या दिवशी वीतभर उंचीचे, फिकट पिवळे कोंब उभे राहतात. त्या पिवळेपणाला आजी देवीचे तेज म्हणे. त्या कोंबांतील लवके अर्धवट सजून थांबलेली असतात. आतल्या पडद्यांचे सामान एखाद्या स्फटिकासारखे जाळीदार रचून ठेवलेले, हरितद्रव्य शेवटच्या पायरीपर्यंत येऊन अडलेले, कारण ती शेवटची पायरी प्रकाशावाचून चढता येत नाही. दाराच्या तोरणातल्या झेंडूचा रंग वर्णलवकांचा. गौरीच्या तेरड्याचा मात्र लवकांचा नव्हे, तो पेशीरसात विरघळलेला असतो, ही गोष्ट आजीला सांगून काही उपयोग झाला नव्हता.

दसऱ्याला घट उठले की कोंब उपटून आम्ही टोपीत खोवीत असू. आणि दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघे, पोलिसांची मानवंदना होई, ती पाहायला धावत असू. उरलेले कोंब मातीसकट तुळशीपाशी ठेवलेले असत. पालखीमागे हिंडून, पाय दुखेपर्यंत दमून परत येईपर्यंत ते हिरवे झालेले असत.